सव्हॉयचा हिवाळा आणि मेळघाटचा हिवाळा

दिवाळी संपली की परतवाड्याहून चिखलदऱ्यास जाणाऱ्या घाटात दोन दिशांची वर्दळ सुरू होते. वर जाणाऱ्या मोटारींत अमरावती, अकोला, नागपूर येथील सुट्टी घेऊन निघालेली कुटुंबे असतात. थंडी अनुभवावी, देवी पॉइंटवरून दरीतील धुके पाहावे, पंचबोलला हाक मारून तिचे प्रतिध्वनी ऐकावेत, बाजारात रबडी खावी आणि परतावे, एवढाच त्यांचा बेत असतो. त्याच घाटाने खाली उतरणाऱ्या गाड्यांत कोरकू मजूर दाटीवाटीने बसलेले असतात. सोबत भांड्यांचे गाठोडे, एखादी कोंबडी, कडेवर तान्हे मूल आणि शाळेतून मधेच उठवून आणलेली थोरली मुले. त्यांना दर्यापूर, अंजनगाव, अकोट, अचलपूर या सपाटीवरील तालुक्यांत कापूस वेचावयाचा असतो, पुढे हरभरा सोंगावयाचा असतो. वर गेलेली मंडळी दोन-चार दिवसांत परत येतात. खाली आलेली मंडळी होळीपर्यंत परतत नाहीत.

एकाच डोंगराचा एकच हिवाळा एकास करमणूक देतो आणि दुसऱ्यास घराबाहेर काढतो, हे कसे घडले? या प्रश्नाचा मागोवा घेताना प्रस्तुत लेखात एका दूरच्या प्रदेशाची सोबत घेतली आहे. तो प्रदेश म्हणजे युरोपातील आल्प्स पर्वतात वसलेला सव्हॉय. आज हिवाळी पर्यटन आणि स्कीइंग म्हटले की जगाला सव्हॉय आठवतो. तथापि, दीडशे वर्षांपूर्वीचा सव्हॉय आजच्या मेळघाटासारखाच होता, ही गोष्ट आपल्याकडे फारशी कोणी सांगत नाही. वऱ्हाडातील ख्रिस्ती वाचकाला तर सव्हॉय मुळीच परका नाही. नागपूर आणि वऱ्हाडच्या मिशनचा पाया घालणारे सेल्सच्या संत फ्रान्सिसचे मिशनरी त्याच प्रांतातील अॅनसी या गावाहून आले.

अॅनसीच्या भोवतालचे खेडूत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत अत्यंत हलाखीत जगत होते. वर्षातील पाच-सहा महिने बर्फाने वाटा बंद होत. शेत बर्फाखाली, गवत संपत आलेले, जनावरे आणि माणसे उबेसाठी एकाच छपराखाली. खाणारी तोंडे कमी करावीत म्हणून गावातील पुरुष व दहा-बारा वर्षांची मुले शरद ऋतूच्या अखेरीस बाहेर पडत. कोणी पॅरिसमध्ये ओझी वाहत असे, कोणी दारोदार किरकोळ माल विकत असे. अंगाने बारीक असलेल्या मुलांना धुराड्यांत चढवून काजळी काढावयास लावत. धुराडी साफ करणारा सव्हॉयचा काळवंडलेला पोर ही त्या काळच्या फ्रेंच शहरांतील नेहमीची आकृती होती. वसंत ऋतू आला, बर्फ वितळू लागले की ही माणसे पुन्हा डोंगरात परतत आणि गवत कापणीला लागत. मुकादम, उचल आणि पाल एवढे तीन शब्द या वर्णनात घातले तर ते आपल्या कोरकू बांधवांचे वर्णन म्हणून सहज खपेल.

फादर पीटर मर्मिए यांनी 1838 साली मिशनरी संघाची स्थापना केली ती याच गरीब शेतकऱ्यांच्या प्रदेशात. त्या संघाचे पहिले मिशनरी 1846 मध्ये विशाखापट्टणमला उतरले. पुढे कामठी-नागपूरकडे त्यांचे काम पसरले आणि 1887 साली नागपूरचा धर्मप्रांत निर्माण झाला. अमरावतीचा स्वतंत्र धर्मप्रांत 1955 सालचा. बर्फात वाढलेली ही माणसे वऱ्हाडच्या उन्हात राबली आणि इथेच मातीस मिळाली. चिखलदऱ्यानजीकच्या मरियमपूर या गावाचे नावच त्या कार्याची खूण सांगते. संघाने ज्यांचे नाव घेतले त्या संत फ्रान्सिस यांनाही हिवाळ्याचा पुरेपूर परिचय होता. 1594 साली शाब्ले भागात धर्मकार्यास गेले असता एका रात्री लांडग्यांच्या भीतीने त्यांनी झाडावर आसरा घेतला आणि झोपेत खाली पडू नये म्हणून स्वतःस फांदीशी बांधून घेतले, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. त्या काळी डोंगरातील हिवाळा ही निभावून नेण्याची गोष्ट होती. त्यात कोणी हौसेने जात नसे.

मग हौस आली कोठून? बाहेरून. जिनिव्हाचे शास्त्रज्ञ सोस्यूर यांनी 1760 साली माँ ब्लांकच्या शिखरावर जाण्याची वाट शोधणाऱ्यास बक्षीस जाहीर केले. पुढे सव्वीस वर्षांनी, 8 ऑगस्ट 1786 रोजी, ते शिखर सर केले शॅमोनीच्या दोन रहिवाशांनी. एक स्फटिक गोळा करून विकणारा जाक बाल्मा, दुसरे गावचे डॉक्टर मिशेल पाकार. त्यानंतर इंग्रज आणि जर्मन प्रवाशांची रीघ लागली. मात्र ती उन्हाळ्यात. हिवाळ्यात शॅमोनी पूर्वीसारखेच निर्मनुष्य होत असे.

शॅमोनीकरांनी याच काळात एक महत्त्वाची गोष्ट केली. 1820 साली माँ ब्लांकवर हिमलोटात तीन वाटाडे मृत्युमुखी पडले. पुढील वर्षी, म्हणजे 1821 मध्ये, खोऱ्यातील वाटाड्यांनी आपला संघ उभारला. प्रवाशाने वाटाड्या निवडावयाचा नाही, पाळीने ज्याचा क्रमांक येईल तो जाईल. मिळकतीतील काही भाग सामायिक निधीत पडेल आणि त्यातून अपघातात दगावलेल्यांच्या विधवांना व मुलांना साहाय्य मिळेल, असे त्याचे नियम होते. खोऱ्यात जन्मलेल्यांनाच त्यात प्रवेश असे, आणि हे बंधन विसाव्या शतकातही दीर्घकाळ टिकले. हा नियम आज संकुचित वाटेल. परंतु डोंगर पाहण्यास येणारा पैसा डोंगरातच राहिला, याचे पुष्कळसे श्रेय त्याला द्यावे लागते.

स्की ही वस्तू मुळात नॉर्वेची. पायाला बांधून बर्फावरून घसरत जाण्याच्या या लांब लाकडी पट्ट्या तेथील खेडूत शतकानुशतके वापरीत आले. त्यांत शर्यतीची व कौशल्याची भर घातली ती टेलेमार्क भागातील सोंद्रे नोरहाइम याने. 1888 साली फ्रिट्यॉफ नान्सेन यांनी स्कीवरून ग्रीनलंड ओलांडले आणि त्यांच्या प्रवासवर्णनामुळे मध्य युरोपात स्कीचे वेड पसरले. शॅमोनीत स्की प्रथम कामास आली ती खेळासाठी नव्हे, तर रुग्णसेवेसाठी. डॉ. मिशेल पायो हे बर्फाने वाट अडलेल्या वाड्यांवरील आजाऱ्यांना भेटावयास स्कीवरून जात. त्यांनीच 1903 मध्ये काही वाटाड्यांसह शॅमोनीपासून झरमॅटपर्यंतचा हिमप्रवास स्कीवरून केला. 1901 साली रेल्वे शॅमोनीपर्यंत पोहोचली होतीच. हिवाळ्यात हॉटेले उघडी राहू लागली, वाटाडे स्की शिकवू लागले, आणि जानेवारी 1924 मध्ये सोळा देशांचे खेळाडू तेथे हिवाळी क्रीडा-सप्ताहासाठी जमले. त्या सप्ताहालाच पुढे पहिले हिवाळी ऑलिंपिक म्हणून मान्यता मिळाली.

प्रसंगाने आठवले म्हणून सांगतो. त्याच्या आदल्याच वर्षी, 1923 मध्ये, अकरावे पायस यांनी आल्प्सच्या खिंडीत वाटसरूंसाठी धर्मशाळा उभारणाऱ्या संत बर्नार्ड यांना गिर्यारोहकांचे व पर्वतवासीयांचे आश्रयदाते घोषित केले. हे पोप स्वतः तरुणपणी नाणावलेले गिर्यारोहक होते. दुसरे जॉन पॉल तर पोप झाल्यानंतरही स्की करीत. 1984 च्या जुलैत आदामेल्लोच्या हिमनदीवर ते इटलीचे राष्ट्राध्यक्ष पेर्तिनी यांच्यासमवेत गेले होते.

दुसऱ्या महायुद्धानंतर सव्हॉयचे रूप पूर्ण पालटले. कूरशव्हेलसारखी स्की-गावे उभी राहिली, आणि 1960 नंतरच्या दशकात फ्रेंच सरकारने उंच डोंगरांत अशी गावे वसविण्याची मोठी योजनाच हाती घेतली. ज्या महिन्यांत गाव रिकामे होत असे त्याच महिन्यांत ते भरून वाहू लागले. धुराडी साफ करणाऱ्यांचे नातू स्की-शिक्षक, उचलपाळण्यांचे चालक, खाणावळींचे मालक झाले. उन्हाळ्यात गुरे आणि चीज, हिवाळ्यात पाहुणे, अशी दुहेरी उपजीविका बसली.

हे सारे गोड चित्र आहे असे मात्र कोणी समजू नये. टीन्य या गावाची जुनी वस्ती 1952 साली धरणाच्या पाण्याखाली गेली आणि आज त्या नावाने जे प्रसिद्ध आहे ते वर नव्याने बांधलेले स्की-गाव. अनेक ठिकाणी सिमेंटच्या बहुमजली इमारती उभ्या राहिल्या आणि जमिनीचे भाव असे चढले की गावच्याच तरुण जोडप्याला घर परवडेना. या अनियंत्रित बांधकामास आवर घालण्यासाठी फ्रान्सला 1985 मध्ये पर्वतप्रदेशांसाठी स्वतंत्र कायदा करावा लागला. आता हवामान तापत चालले आहे. शॅमोनीची विख्यात हिमनदी वर्षावर्षाला आटते आहे आणि कमी उंचीवरील स्की-गावांना यंत्राने बर्फ पाडावे लागते. 2030 चे हिवाळी ऑलिंपिक फ्रेंच आल्प्सला मिळाले आहे; तोवर बर्फाचे काय होईल, याची चिंता तिकडील शेतकऱ्यालाही आहे आणि हॉटेलवाल्यालाही.

आता आपल्या डोंगराकडे येऊ. सातपुड्याच्या गाविलगड रांगेतील चिखलदरा समुद्रसपाटीपासून सुमारे 1,100 मीटर उंच. भीमाने कीचकाला मारून जेथे दरीत लोटले तो कीचकदरा, अशी लोककथा या नावामागे सांगतात. गाविलगड किल्ल्याचे नाव गवळ्यांवरून पडले. बहामनी सुलतान अहमदशहा वली याने 1425 च्या सुमारास किल्ला बांधून काढला, पुढे इमादशाहीत त्याची डागडुजी झाली. डोंगरावर खरे वास्तव्य कोरकूंचे आणि गवळ्यांचे. कोरकूंची भाषा मराठीशी वा गोंडीशी नाते सांगत नाही. ती मुंडा कुळातील, संथाळी-मुंडारीची बहीण. त्या कुळातील सर्वांत पश्चिमेकडील भाषा म्हणून भाषाशास्त्रज्ञ तिच्याकडे कुतूहलाने पाहतात.

चिखलदऱ्याच्या परिसरात हिवाळ्यात आलेले पहिले मोठे परकीय पथक पर्यटकांचे नव्हते. 29 नोव्हेंबर 1803 रोजी अकोल्याकडील अडगावच्या लढाईत भोसल्यांचा पराभव करून आर्थर वेलस्लीची फौज गाविलगडावर चालून आली. कर्नल स्टीव्हन्सनच्या सैन्याने धामणगावकडून लवाद्याच्या बाजूस डोंगर फोडून, वाट तयार करीत, तोफा ओढून वर नेल्या. 15 डिसेंबरला किल्ला पडला आणि किल्लेदार बेनीसिंग धारातीर्थी पडला. दोन दिवसांनी देवगावचा तह झाला, आणि महिनाअखेरीस, 30 डिसेंबरला, आमच्या शेजारच्या अंजनगाव सुर्जीला शिंद्यांशी तह होऊन त्या गावाचे नाव इतिहासाच्या पाठ्यपुस्तकांत कायमचे गेले. 1858 साली तात्या टोपे यांच्या हाती लागू नये म्हणून इंग्रजांनी किल्ल्याची तटबंदी निकामी केली.

दरम्यान 1823 मध्ये हैदराबाद कंटिन्जंटचे कॅप्टन रॉबिन्सन यांनी चिखलदऱ्याचे पठार ‘शोधून काढले’ अशी नोंद सर्वत्र आढळते. ज्या पठारावर पिढ्यान्‌पिढ्या लोक गुरे चारीत होते ते शोधून काढण्याची गरज कोणाला होती, हे या शब्दातच दिसते. एलिचपूरच्या छावणीतील अधिकाऱ्यांना उन्हाळ्यात विसावा हवा होता. 1853 मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या कारभारात आल्यावर बंगले वाढले, कॉफीची लागवड झाली, पॉइंटांना इंग्रजी नावे पडली. पाणी भरणारे, लाकडे आणणारे, ओझी वाहणारे हात स्थानिक होते. परंतु शॅमोनीसारखा त्यांचा संघ झाला नाही, पाळी झाली नाही, निधी झाला नाही. मजूर आणि साहेब यांच्यामध्ये तसे काही उभे राहण्यास जागाच नव्हती.

रेल्वेचीही हीच गत. शॅमोनीची रेल्वे, आपल्याकडील 1907 ची नेरळ-माथेरान गाडी, या डोंगर पाहणाऱ्यांसाठी धावल्या. 1913 साली मूर्तिजापूर ते एलिचपूर ही अरुंद मार्गाची रेल्वे झाली, तीच आपल्या सर्वांची शकुंतला. दर्यापूरकरांचे बनोसा स्थानक याच मार्गावरचे. ही गाडी कापसाच्या गाठींसाठी आखली होती. चिखलदऱ्यास जाणारा प्रवासी तिला आनुषंगिक. पर्वताच्या पायथ्याशी येऊन ती थांबे आणि कापूस घेऊन परत फिरे. आता तीही बंद पडली आहे.

डोंगरातील माणसाला खाली ढकलणारे खरे कारण मात्र बंगल्यांत नाही, ते जंगलात आहे. 1860 नंतरच्या दशकांत मेळघाटचा साग सरकारी राखीव जंगलात गेला. फिरती शेती आवळली गेली, चराई व लाकूडफाटा परवान्यांच्या कक्षेत आला. मग जंगल कटाईची मजुरी हाच कोरकूंचा मोठा आधार झाला. 1974 साली मेळघाट हा देशातील पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांत दाखल झाला, 1987 मध्ये गुगामल राष्ट्रीय उद्यान झाले, आणि कटाईची ती मजुरीही पुष्कळ भागांत आटली. वाघ वाचला पाहिजे याविषयी वाद नाही. पण पावसावर येणारे एक पीक घरात आले की पुढील सहा महिने काय खावयाचे, हा प्रश्न त्याच काळात तीव्र झाला. या शतकाच्या आरंभी बोरी, कोहा, कुंड ही गावे जंगलाबाहेर हलविली गेली. त्याआधी, 1993 पासून, मेळघाटातील कुपोषणाने दगावणाऱ्या बालकांची नावे वृत्तपत्रांतून व न्यायालयांतून महाराष्ट्रासमोर आली. स्थलांतर आणि कुपोषण यांचे नाते तेथे काम करणारा कोणताही डॉक्टर सांगेल. मूल पालात असते तेव्हा त्याचे वजन करणारी अंगणवाडी डोंगरावर असते.

आमचा दर्यापूर तालुका खारपाणपट्ट्यातला. विहिरीचे पाणी पिण्याच्या व ओलिताच्या कामाचे नाही; काळ्या जमिनीतील ओलीवर हरभरा येतो, तूर आणि पऱ्हाटी येते. हे पीक हातांनी गोळा करावे लागते आणि ते हात मेळघाटातून येतात. गावाबाहेर, शेताच्या धुऱ्याला कोरकूंची पाले पडतात. रात्री शेकोटी दिसते, कधी ढोलकी ऐकू येते. थंडीत उत्तरेस नजर टाकली की हवा स्वच्छ असेल तर गाविलगडची निळसर रेघ त्या पालांमधूनही दिसते. ज्या चंद्रभागेच्या काठी आमचे गाव वसले ती नदीही त्याच डोंगरातून येते. पाणी आणि माणूस दोन्ही डोंगराने आम्हांस दिले. त्यांचा मोबदला डोंगराकडे किती परतला याचा हिशेब वऱ्हाडच्या एकाही सहकारी संस्थेच्या ताळेबंदात मला कधी आढळला नाही.

बर्फाशिवाय हिवाळी पर्यटन कसले, असा प्रश्न कोणी विचारील. भारतात बर्फ आहे तेथेही चित्र एकसारखे नाही. गुलमर्गला 1920 नंतरच्या दशकात इंग्रज अधिकाऱ्यांनी स्की मंडळ काढले. आज तेथील आकाशपाळण्याने महाराष्ट्रातील हजारो कुटुंबे वर जातात आणि उतारांवर काश्मिरी तरुण स्की शिकवितात. उत्तराखंडातील औली येथे 2011 मध्ये दक्षिण आशियाई हिवाळी खेळ झाले. त्याच औलीच्या पायथ्याचे जोशीमठ जानेवारी 2023 मध्ये खचू लागले, घरांना तडे गेले आणि औलीस जाणारा रज्जुमार्ग बंद करावा लागला. डोंगर किती भार सोसेल हे ठरविताना डोंगरावर राहणाऱ्यास विचारावे लागते. चिखलदऱ्याचा विकास आराखडा सिडकोकडे आला, दोन टोकांना जोडणाऱ्या काचेच्या आकाशमार्गाचे काम निघाले, हॉटेलांची संख्या वाढली. आकाशमार्गावर तिकिटे फाडणारा, हॉटेलात हिशेब ठेवणारा, मोटार चालविणारा कोण असेल? त्याचे घर पठारावरचे असेल की अमरावतीचे? ज्या काळात पाहुण्यांची गर्दी सर्वाधिक, त्या नाताळ आणि नववर्षाच्या आठवड्यात चिखलदऱ्याच्या आसपासच्या वाड्यांत म्हातारी माणसेच उरलेली असतात, आणि गर्दीला लागणारे मनुष्यबळ मात्र बाहेरून येते. शॅमोनीचा 1821 चा नियम इथे आठवल्यावाचून राहत नाही.

तसे काही घडूच शकत नाही असे नाही. सेमाडोह, कोलकास भागात जंगल सफारीस येणाऱ्यांबरोबर स्थानिक तरुण वाटाडे म्हणून जातात. त्यांना पक्षी, पाऊलखुणा, झाडे यांचे जे ज्ञान आहे ते कोणत्याही पुस्तकात नाही. मोथा आणि शेजारच्या गावांतील काही शेतकऱ्यांनी अलीकडे चिखलदऱ्याच्या थंडीत स्ट्रॉबेरी घेण्यास आरंभ केला आहे. हे पीक ऐन हिवाळ्यात येते, रस्त्याच्या कडेला पाहुण्यांनाच विकले जाते आणि शेतकऱ्याला त्या महिन्यांत घरी राहण्यास कारण देते.

याहून मोठी गोष्ट परतवाड्याजवळ, डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या पायविहीर या छोट्या गावात घडली. 2006 च्या वनहक्क कायद्याने गावाला आपल्या जंगलावर सामूहिक हक्क मागता येतो. पायविहीरच्या ग्रामसभेने तो मागितला आणि 2012 साली मिळविला. उघड्या पडलेल्या टेकड्यांवर लोकांनी झाडे लावली, माती-पाणी अडविले, चराईला स्वतःच शिस्त लावली. तेथील सीताफळे ग्रामसभेच्या वतीने मुंबईपर्यंत विकली जाऊ लागली, गावातच मजुरी मिळू लागली आणि बाहेर जाणाऱ्यांची संख्या घटली. सीताफळाचा हंगाम दिवाळीच्या मागेपुढे असतो. खाली नेण्यासाठी मुकादम उचलीचे पैसे घेऊन डोंगरात येतो, तेही नेमके त्याच दिवसांत.